युजरला विचारायचं नाही भो, ओळखायचं!

तर तुम्ही जळगावात बसून एखादं झकास टूल बनवलंय आणि आता त्याची इन्स्टॉल स्क्रिप्ट लिहायला घेतलीय, तीच ती एका ओळीची, कर्ल कमांडने नेटवरून ओढायची आणि पाइपातून थेट शेलमध्ये, म्हणजे आपण कमांड टाइप करतो त्या प्रोग्राममध्ये, ओतायची. उत्तम. एकच लक्षात ठेवा, युजरला काहीएक विचारायचं नाही. तुमचा शेल कोणता, मशीन कोणतं असं विचारलं की त्याला वाटतं ह्या पोराला काही येत नाही. आपण अंदाज करायचा, आणि अंदाज चुकला तरी शेवटी हिरवी टिकमार्क दाखवायची.

शेल ओळखायला (बॅश, डॅश, झेडशेल, फिश ही सगळी शेलचीच नावं) डॉलर-शेल हा व्हेरिएबल बघा, बास. कुणीतरी शहाणा येऊन सांगेलच की भो, त्यात लॉगिन शेल असतो, पासडब्ल्यूडी या युजरयादीच्या फाईलमध्ये नावापुढे लिहिलेला, माणूस आत्ता कशात टाइप करतोय ते त्यातून कळत नाही. सोडून द्या. रेशनकार्डावर पत्ता यावलचा आहे ना, मग माणूस हिंजवडीत भाड्याने राहत असला तरी त्याचा डबा यावललाच पाठवायचा. पीएस कमांड लावून चालू प्रोसेस बघता येते, पण स्क्रिप्टच्या आतून बघाल तर स्क्रिप्ट चालवणाराच शेल दिसतो, मग त्याचा पॅरेंट, म्हणजे त्याला सुरू करणारी प्रोसेस, शोधा, मग त्याचाही पॅरेंट, जळगावच्या मे महिन्यात एवढी मगजमारी कोण करतं! प्रोग्राम बंदिस्त कप्प्यात चालवणाऱ्या डॉकरमध्ये तर हा व्हेरिएबल बऱ्याचदा रिकामाच असतो. रिकामा आला की बॅश समजा.

स्क्रिप्टच्या पहिल्या ओळीत, ती कोणत्या शेलने चालवायची ते लिहितात तिथे, मात्र एसएच लिहा आणि आत बिनधास्त बॅशचे ॲरे, म्हणजे एका नावात अनेक किमती, वापरा. उबंटूने २००६ मध्येच एसएचच्या जागी डॅश बसवला आणि डॅशला ॲरे कळत नाहीत, पण तो त्यांचा प्रॉब्लेम. मॅकवाल्यांना २०१९ च्या कॅटलिनापासून झेडशेल डीफॉल्ट आहे, सोबत येणारा बॅश अजून ३.२ वरच, लायसन्सच्या भानगडीमुळे. तुम्ही ५ वर टेस्ट करा आणि गप्प बसा.

आता पाथची ओळ, टूल कोणत्या फोल्डरात आहे ते शेलला सांगणारी. कोणत्या फाईलमध्ये टाकायची हा प्रश्नच नको, शेल सुरू होताना वाचतो त्या सगळ्यांत टाका, बॅशआरसी, झेडशेलआरसी, प्रोफाईल, आणि जी फाईल नाहीच ती नवीन तयार करा. विशेषतः बॅश-प्रोफाईल. ती दिसली की लॉगिन बॅश प्रोफाईल नावाची फाईल वाचणंच बंद करतो, आणि उबंटूवर बॅशआरसी त्या प्रोफाईलमधूनच लोड होते, म्हणजे बिचारा सर्व्हरवर लॉगिन करतो आणि त्याचे वर्षानुवर्षं जमवलेले एलियास, म्हणजे कमांडची छोटी नावं, गायब! त्याला तुमचा संशयसुद्धा येणार नाही. ओळ आधीपासून आहे का ते तपासू नका, स्क्रिप्ट जेवढ्या वेळा चालेल तेवढ्या वेळा चिकटवा. फिशवाल्यांना "हाताने टाका" एवढं कळवलं की झालं, त्यांनी तो शेल हौसेने घेतलाय.

आर्किटेक्चर तर त्याहून सोपं. यूनेम डॅश एम, ही कमांड प्रोसेसरचा प्रकार सांगते. ६४ बिटच्या आर्म चिपला लिनक्स म्हणतो एआर्च६४, मॅक त्यालाच म्हणतो आर्म६४, इंटेल-एएमडीवाल्या एक्स८६_६४ ला डेबियन लिनक्स एएमडी६४ म्हणतो, मग मशीन इंटेलचं का असेना. तुम्ही यातलं एकेकच नाव इफमध्ये घाला, बाकीच्यांना "तुमचं मशीन सपोर्टेड नाही" दाखवा. एम-वन या आर्म चिपच्या मॅकवर टर्मिनल रोझेटातून, म्हणजे इंटेलचे प्रोग्राम चालवून देणाऱ्या दुभाष्यातून, उघडलेलं असेल तर यूनेम सरळ इंटेल सांगतं. मान्य करा, मोठ्यांच्या शब्दावर शंका घेऊ नये.

आणि खरी मजा रावेरला. केळीच्या शेतात, मोटारीच्या पेटीशेजारी एक रास्पबेरी पाय नावाचा चिमुकला कॉम्प्युटर टांगलेला असतो, ड्रिपचे व्हॉल्व्ह तोच उघडतो. कर्नल, म्हणजे सिस्टीमचा गाभा, ६४ बिटचं, पण वरची सगळी सिस्टीम ३२ बिटची. यूनेम सांगतं एआर्च६४, तुम्ही ६४ची फाईल उतरवता, ती चालवली की उत्तर येतं "नो सच फाईल ऑर डिरेक्टरी". एलएसने यादी काढली तर फाईल समोर! सापडत नाहीये तो ती फाईल सुरू करून देणारा ६४ बिटचा लोडर, पण मेसेजमध्ये त्याचं नावही येत नाही, त्यामुळे भाऊ तासभर स्पेलिंग तपासत बसतो. डीपीकेजी या पॅकेजच्या टूलला आर्किटेक्चर विचारलं असतं तर त्याने आर्मएचएफ, म्हणजे ३२ बिटचं आर्म, सांगून टाकलं असतं, किंवा गेटकॉन्फ कमांडला लाँग-बिट विचारून ३२ मिळाले असते. पण आपलं ठरलंय ना, कुणालाच काही विचारायचं नाही.

फोन आलाच तर म्हणा टर्मिनल बंद करून उघडा. परत आला तर मशीन रिस्टार्ट करायला सांगा. शेतातली लाईट रात्रीतून दोनदा गेली की तेही आपोआप होतं.