माल पोहोचल्यावर सीटीएन काढता येते, या दाव्याचा प्रतिवाद

निर्यातदारांच्या गटांमध्ये सध्या एक लांबलचक संदेश फिरतो आहे. त्याचा आशय असा: पश्चिम आणि मध्य आफ्रिकेकडे जाणाऱ्या सागरी मालासाठी मागितली जाणारी कार्गो ट्रॅकिंग नोट, म्हणजे सीटीएन, ही फॉरवर्डरांनी (माल पाठवण्याची व्यवस्था करणाऱ्या मध्यस्थांनी) पैसे काढण्यासाठी शोधलेली युक्ती आहे, कंटेनरचा क्रमांक टाकला की माल कुठे आहे ते कोणालाही दिसते, मग वेगळा कागद कशाला, दक्षिण आफ्रिकेला माल पाठवताना तो कधी लागला नाही, लागलाच तर माल पोहोचल्यावर खरेदीदार काढून घेईल, आणि घाई असेल तर सोबतच्या लिंकवरून तो अर्ध्या पैशांत मिळेल. नुकताच निर्यातीत उतरलेला माझा मावसभाऊ या संदेशावर विसंबून कॅमेरूनच्या दुआला बंदरासाठी बुक केलेल्या कंटेनरची सीटीएन रद्द करायला निघाला होता, म्हणून हे लिहिणे भाग पडले.

कंटेनरच्या क्रमांकाचा मुद्दा लवकर संपवता येतो. माल समुद्रात कुठे आहे हे सांगणे सीटीएनचे काम नाही. निर्यातदार आणि आयातदार कोण, मालाचा एचएस कोड (वर्गीकरणाचा आंतरराष्ट्रीय क्रमांक) आणि वजन काय, एफओबी मूल्य (जहाजावर चढवेपर्यंतची मालाची किंमत) किती, मालभाडे किती आणि बिल ऑफ लेडिंगचा, म्हणजे जहाज कंपनी माल घेतल्याबद्दल देते त्या बीएल या कागदाचा, क्रमांक कोणता, ही माहिती माल पोहोचण्याआधी आयात करणाऱ्या देशाच्या हाती पडावी यासाठी ती असते. ती मागणारी संस्था सरकारी असते. कॅमेरूनमध्ये राष्ट्रीय शिपर्स कौन्सिल बीईएससी या नावाने ती देते, तर काँगो लोकशाही प्रजासत्ताकात ओजेफ्रेम ही संस्था फेरी या नावाने देते. शिपिंग लाइनच्या, म्हणजे जहाज कंपनीच्या, संकेतस्थळावर दिसणाऱ्या नकाशाने यातले काहीही भागत नाही.

दक्षिण आफ्रिकेला सीटीएन लागत नाही हे खरे आहे, परंतु त्यावरून कॅमेरूनबद्दल काहीही सिद्ध होत नाही, कारण हा नियम खंडाचा नसून प्रत्येक देशाचा स्वतंत्र आहे. शिवाय माल कोणत्या बंदरात उतरतो यापेक्षा तो अखेर कोणत्या देशात जाणार आहे हे पाहावे लागते. बुर्किना फासोला समुद्रकिनारा नाही, तरी टोगोच्या लोमे बंदरातून तिथे जाणाऱ्या मालाला बुर्किना फासोची सीटीएन लागते; टांझानियातल्या दार-ए-सलामला उतरून काँगो लोकशाही प्रजासत्ताकातल्या लुबुंबाशीकडे जाणाऱ्या मालालाही फेरी चुकत नाही.

सर्वांत घातक वाक्य आहे ते "माल पोहोचल्यावर काढता येते" हे. यात अर्धसत्य आहे ते मान्य करतो: काही देशांत उशिरा अर्ज करून आणि दंड भरून प्रकरण नियमित करून घेता येते. मात्र तो दंड भरण्याची वेळ येते म्हणजे नेमके काय घडलेले असते, हे संदेश लिहिणाऱ्याने सांगितलेले नाही. सीटीएनचा क्रमांक बऱ्याच देशांसाठी बिल ऑफ लेडिंगवर आणि जहाजाच्या मॅनिफेस्टमध्ये (जहाजावरच्या मालाच्या यादीत) यावा लागतो. तो नसला तर शिपिंग लाइनलाही त्रास होऊ शकतो, म्हणून अनेक लाइन्स क्रमांक मिळेपर्यंत बिल ऑफ लेडिंग देत नाहीत किंवा माल चढवतच नाहीत. व्यवहार लेटर ऑफ क्रेडिटवर, म्हणजे ठरलेले कागद सादर केल्यावर बँकेने पैसे देण्याच्या पतपत्रावर, असेल तर इथेच निर्यातदाराची कोंडी होते, कारण पतपत्रात वेगळी मुदत दिलेली नसल्यास यूसीपी ६०० या पतपत्रांच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीच्या कलम १४ नुसार कागदपत्रे माल चढवल्याच्या तारखेपासून २१ दिवसांच्या आत बँकेत सादर करावी लागतात आणि लाइनने बिल अडवून ठेवले म्हणून ही मुदत थांबत नाही. समजा, या सगळ्यातून निसटून कंटेनर सीटीएनशिवाय पोहोचलाच, तर कस्टम तो सोडत नाही, बंदराचे साठवणूक शुल्क आणि लाइनचे डिमरेज (कंटेनर मुदतीत न सोडवल्याचा आकार) रोज वाढत जाते, आणि खरेदीदाराने वैतागून माल नाकारला तर लाइन वसुलीसाठी माल पाठवणाऱ्याकडे येते. बहुतेक बिल ऑफ लेडिंगच्या मागील बाजूच्या अटींमध्ये "मर्चंट" या व्याख्येत शिपर (माल पाठवणारा) आणि कन्साइनी (माल घेणारा) दोघेही धरलेले असतात. ते बारीक अक्षर वाचण्याची तसदी संदेश पुढे पाठवणाऱ्या कोणीही घेतलेली दिसत नाही.

"खरेदीदार काढून घेईल" या म्हणण्याला थोडा आधार आहे. इन्कोटर्म्स २०२० या विक्रीच्या आंतरराष्ट्रीय अटींमधील सीआयएफच्या (विक्रेत्याने मालभाडे आणि विमा भरण्याच्या अटीच्या) ए७ कलमानुसार आयात आणि ट्रान्झिटच्या औपचारिकतांसाठी लागणारे कागद मिळवण्यास विक्रेत्याने खरेदीदाराच्या विनंतीवरून, त्याच्या जोखमीवर आणि त्याच्या खर्चाने मदत करायची असते. खर्च तत्त्वतः खरेदीदाराचा, इतके यातून निघते. पण त्याच कलमाने मदतीची जबाबदारी विक्रेत्यावर टाकलेली आहे, आणि अर्जाला जोडायचे बीएलचा मसुदा, व्यापारी बीजक, मालभाड्याचे बीजक आणि निर्यातीचे कस्टम घोषणापत्र हे कागद त्याच्याकडे किंवा त्याच्या फॉरवर्डरकडेच असतात. उलट आयातदाराचा करक्रमांक खरेदीदाराकडून मागवावा लागतो. तेव्हा अर्ज कोण करणार आणि शुल्क कोण भरणार, हे बुकिंगच्या आधीच, करारातच लिहून घ्यावे.

शुल्काबद्दलची चीड मलाही समजते. आयात-निर्यातीवरील शुल्क दिलेल्या सेवेच्या खर्चाइतपतच असावे, हे तत्त्व गॅट या आंतरराष्ट्रीय व्यापार कराराच्या आठव्या कलमात आणि २०१७ मध्ये अमलात आलेल्या जागतिक व्यापार संघटनेच्या व्यापार सुलभता करारात आहे, आणि काही देशांचे सीटीएन शुल्क त्यात बसते का, हा प्रश्न रास्त आहे. घानामध्ये २०१८ साली व्यापाऱ्यांच्या विरोधामुळे सीटीएनची अंमलबजावणी पुढे ढकलावी लागली होती. मात्र ती लढाई तिथल्या आयातदारांनी आणि सरकारांनी लढायची आहे. एखाद्या निर्यातदाराने आपला कंटेनर कागदाशिवाय धाडल्याने शुल्क कमी होत नाही. फॉरवर्डर त्यावर स्वतःचा आकार लावतात हेही खरे, म्हणून त्यांच्याकडून सरकारी शुल्क आणि सेवाशुल्क वेगवेगळे लिहून मागावे.

राहिला अर्ध्या पैशांच्या लिंकचा मुद्दा. सीटीएन त्या देशाच्या संस्थेकडून किंवा तिने नेमलेल्या एजंटांकडूनच मिळते, आणि बनावट क्रमांकाचा कागद तिथल्या कस्टमच्या नोंदीशी जुळत नाही. अधिकृत एजंट कोण, हे त्या संस्थेच्या स्वतःच्या संकेतस्थळावर किंवा आयातदारामार्फत थेट तिच्याकडे विचारून तपासावे, आणि एजंटाकडून मसुदा आल्यावर वजन, मूल्य, मालभाडे व बीएल क्रमांक मूळ कागदांशी ताडून मगच अंतिम मंजुरी द्यावी, कारण मंजुरीनंतरच्या दुरुस्तीला सहसा पुन्हा पैसे पडतात.