यंत्र आले, तूर घ्यायला पैसे नव्हते

सप्रेम नमस्कार.

‘पोषक वातावरण म्हणजे पुन्हा सरकारी अनुदानच, ते संपले की गटाच्या यंत्रावर कोंबड्या बसतात,’ असे आपण माझ्या लेखाखाली लिहिले आहे. सामाजिक उद्योगांना, म्हणजे लोकांच्या भल्यासाठी चालणाऱ्या व्यवसायांना, पोषक वातावरण हवे, असे मी त्या लेखात म्हटले होते. कोंबड्यांचे मी नाकारत नाही. यवतमाळ जिल्ह्यातल्या आमच्याच तालुक्यात तशी दोन यंत्रे मी पाहिली आहेत. ती बंद का पडली, याबद्दल मात्र माझे मत वेगळे आहे.

त्यांतली एक महिला गटाची मिनी दालमिल. अनुदानातून यंत्र आले, शेडही उभी राहिली. तूर जानेवारी-फेब्रुवारीत बाजारात येते आणि तेव्हाच घेऊन ठेवली तर पुढे कित्येक महिने डाळ करता येते. पण त्यासाठी लागणारे खेळते भांडवल त्या योजनेत बसत नव्हते. बँकेने तारण मागितले, तर जमिनी नवऱ्यांच्या सातबाऱ्यावर. कर्ज हाती पडले तेव्हा मे उजाडला होता आणि व्यापाऱ्यांनी गावातली तूर केव्हाच उचलली होती. मग बायका लोकांची तूर मजुरीवर भरडत राहिल्या, डाळ करताना उरणारा चुरा, म्हणजे चुनी, विकून विजेचे बिल भरत राहिल्या, आणि दुसऱ्या वर्षी तेही थांबले. अनुदान इथे जास्त झाले नव्हते, ते नको तिथे पडले होते.

अनुदानाशिवायही वातावरण बदलते, याचा दाखला गडचिरोलीत धानोरा तालुक्यातल्या मेंढा (लेखा) गावाचा आहे. २००६ च्या वनहक्क कायद्याने बांबूसह गौण वनोपजाची, म्हणजे इमारती लाकूड सोडून जंगलातून मिळणाऱ्या मालाची, जंगलात राहणाऱ्यांची मालकी मान्य केली, २००९ मध्ये गावाला सामूहिक वनहक्क, म्हणजे साऱ्या गावाचा मिळून जंगलावरचा हक्क, मिळाला. तरीही वाहतूक परवाना देण्याचा अधिकार वनखात्याकडेच राहिल्याने गावाला स्वतःचा बांबू रीतसर विकता येईना. एप्रिल २०११ मध्ये परवाना पुस्तक ग्रामसभेच्या हाती आले, तेव्हा कुठे विक्रीची वाट मोकळी झाली. जंगल तेच होते, बांबूही तोच.

सगळेच अनुदान वाईट, हेही मला पटत नाही. शेतकऱ्यांनीच सभासद होऊन काढलेल्या शेतकरी उत्पादक कंपन्यांसाठीच्या २०२० च्या केंद्रीय योजनेत सभासदांनी घातलेल्या भागभांडवलाइतकीच रक्कम, सभासदामागे २,००० आणि कंपनीमागे १५ लाख रुपयांच्या मर्यादेत, मिळते. सभासदाला आधी स्वतःच्या खिशात हात घालावा लागतो, म्हणून ही रीत मला बरी वाटते.

दालमिलच्या त्या गटाने यंदा कर्जाचा अर्ज दिवाळी होताच दिला आहे. तो तूर निघण्याआधी मंजूर झाला की नाही, ते मी इथेच कळवीन.