नेपोलियनला थंडीने हरवलं नाही

दर हिवाळ्यात एक मजकूर हमखास फिरतो: ‘नेपोलियन रशियाकडून नाही, रशियाच्या थंडीकडून हरला. तयारी न करता गेला आणि त्याची अजिंक्य फौज बर्फात गोठली.’ शाळेत आपणही हेच घोकलं. पण तारखा आणि आकडे शेजारी मांडले की यातलं फारसं काही टिकत नाही.

‘फौज बर्फात गोठली.’ तिने रशियाच्या सरहद्दीवरची नेमान नदी ओलांडली २४ जून १८१२ रोजी, ऐन उन्हाळ्यात. शार्ल मिनार या फ्रेंच अभियंत्याने १८६९ मध्ये या मोहिमेचा प्रसिद्ध नकाशा काढला. त्यात नदी ओलांडणारे ४,२२,००० आहेत आणि मॉस्कोत पोचलेले १,००,०००. वाटेत ठाण्यांवर ठेवलेले, बाजूला वळवलेले लाखभर सोडून द्या. तरी दोन लाखांहून जास्त माणसं मॉस्कोच्या आधीच गळाली. मॉस्कोच्या अलीकडे बोरोदिनोला झालेल्या भीषण लढाईतले मृत आणि जखमी धरले तरी सुमारे तीस हजार. बाकीचे बहुतेक भुकेने, हगवणीने, टायफस तापाने गेले, नाहीतर फौज सोडून पळाले. तोवर बर्फ पडायलाही सुरुवात झाली नव्हती.

‘तयारी केली नाही.’ हे तर साफ चूक. डान्झिग, क्योनिग्सबर्ग या बाल्टिक किनाऱ्यावरच्या बंदरांत धान्याची कोठारं भरली होती. दीड टन ओझ्याच्या, चार घोड्यांच्या गाड्या होत्या. पण त्या पश्चिमेकडच्या पक्क्या रस्त्यांवर चालणाऱ्या. जूनअखेरच्या वादळी पावसाने लिथुआनियाच्या वाटांचा चिखल केला आणि गाड्या रुतल्या. फौज पुढे धावत होती, रसद मागे अडकली होती. घोड्यांना दाणा मिळेना, म्हणून शेतातलं राय हे धान्य हिरवंच चारलं. पोटशूळ उठून आणि पावसाने गारठून पहिल्या काही दिवसांतच सुमारे दहा हजार घोडे मेले. घोडा मेला की गाडी उभी, गाडी उभी की शिधा बंद. कोठारात धान्य असून पुढचा शिपाई उपाशी, असा तो प्रकार होता. माझ्या मते मोहीम तिथेच, पहिल्या पंधरवड्यात खिळखिळी झाली.

‘परतताना तरी थंडीनेच मारलं.’ डिसेंबरात विल्नाच्या (आजचं लिथुआनियातलं विल्नियस) वाटेवर थंडीने भयंकर बळी घेतले, हे खरं आहे. पण क्रम पाहा. मॉस्को सोडलं १९ ऑक्टोबरला. दक्षिणेला कालुगाकडे न लुटलेला मुलूख होता. मालोयारोस्लाव्हेत्स गावापाशी रशियन सेनापती कुतुझोव्हने ती वाट अडवली आणि फौजेला येताना ओरबाडलेल्या रस्त्यानेच परतावं लागलं. जोरदार हिमवर्षाव सुरू झाला ६ नोव्हेंबरच्या सुमारास. त्याआधीच, परतीच्या वाटेवरच्या व्याझ्मा गावापाशी, मिनारच्या नकाशातली फौजेची संख्या दाखवणारी रेघ ५५,००० वर आलेली दिसते.

आणि थंडी बाधली तीही कशी? गोठलेल्या चढावर घोडा घसरू नये म्हणून नालांना खालून टोकं लागतात. नेपोलियनचा अश्वशाळाप्रमुख कोलँकूर याने बादशहाच्या तबेल्यातल्या घोड्यांना तसे नाल ठोकून घेतले होते. बाकी बहुतेक घोड्यांचे नाल गुळगुळीत. ते पडायचे, उठता येत नसे, आणि तोफा तिथेच टाकाव्या लागायच्या. ही नालांची टंचाई होती. त्या घोड्यांचं आणि माणसांचं खापर हवेवर फोडलेलं मला सहन होत नाही.

नोव्हेंबरअखेर बेरेझिना नदीवर तर उलटंच झालं. थंडी ओसरून बर्फ फुटला होता. नदी गोठलेली असती तर फौज चालत पार गेली असती. होड्यांचा पूल बांधण्याची सामग्री नेपोलियनने आधीच, वाटेतल्या ओर्शा गावी स्वतःच जाळायला लावली होती. पूल बांधणाऱ्या तुकडीचा प्रमुख जनरल एब्ले याने मात्र अवजारांच्या सहा गाड्या, दोन भट्ट्या आणि कोळशाच्या दोन गाड्या जपून ठेवल्या होत्या. नदीकाठच्या स्तुद्यांका गावातली घरं मोडून लाकूड काढलं आणि त्याची माणसं छातीभर बर्फाळ पाण्यात उभी राहून पूल बांधत राहिली. नेपोलियन पलीकडे पोचला तो त्या गाड्यांमुळे.