बारदान्यावरची ड्युटी काढा म्हणणाऱ्या जावईबापूंना

आज नागपुरात महाल भागात एका साक्षगंधाला गेले होते. पाटवडी-रस्सा झकास होता, पण शेजारी बसलेल्या एका जावईबापूंनी त्याची चव घालवली. नात्यातलेच आहेत, पुण्यात पॅकेजिंगच्या मालाचं ट्रेडिंग करतात. नाव घेत नाही, लग्नात पुन्हा भेटायचंय. बोलता बोलता म्हणाले, "ताई, ती तागाच्या पोत्यांवरची अँटी-डम्पिंग ड्युटी सरकारनं कधीच काढायला हवी होती. बांगलादेशचं पोतं स्वस्त आहे तर येऊ द्या ना! शेवटी फायदा तुमच्या शेतकऱ्याचाच." आणि वर हसून, "तुमच्याकडे बारदान्यासाठी रडारड चालते ना दरवर्षी?"

माझं डोकंच सटकलं. पण दुसऱ्याच्या घरचं कार्य, पंगतीत गप्प बसले. ते सगळं आता इथे लिहितेय. लांबण लागणार आहे, चहा घेऊन बसा.

रडारड चालते, हे खरं आहे. जवळून पाहिलीय. २०२४ च्या दिवाळीनंतर दादा सोयाबीनची ट्रॉली घेऊन हमीभाव केंद्रावर गेला होता. माझं माहेर काटोलकडचं, ते तुम्हाला माहीतच आहे. हमीभाव ४,८९२ रुपये आणि बाजारात चार हजाराच्या आसपास बोली, तीही तोंड पाहून. नोंदणी केलेली, मोबाईलवर मेसेज आलेला. ओलावा तपासला, चाळणी मारली, माल पास. आणि मग उत्तर, "बारदाना नाही." मी दुपारी डबा घेऊन गेले तर हमाल दाभणं टोपीत खोचून बसलेले, सुतळीचे तुकडे कापून खुंटीला लटकवलेले, काटा मोकळा, आणि पोतं एक नाही. दादा म्हणाला, घरची चांगली पोती आहेत, आणू का? तर नाही, नवाच बारदाना पाहिजे, तोही वरून येईल तोच. दादाने थंडीत ताडपत्रीखाली रात्री काढल्या आणि शेवटी व्यापाऱ्याला माल देऊन आला. व्यापारी स्वतःची प्लास्टिकची पोती घेऊन आला होता. क्विंटलमागे आठ-नऊशेचा फटका.

तेव्हा जावईबापू, बारदाना म्हणजे काय हे मला शिकवू नका.

आता मुद्द्याचं. मी कस्टम एजंटच्या ऑफिसात हिशेब बघते. बिल ऑफ एंट्री, एचएस कोड, ड्युटीचे तक्ते, हेच माझं रोजचं रवंथ. त्यामुळे लोक "ड्युटी, ड्युटी" करतात तेव्हा मला विचारावंसं वाटतं, कोणती? कारण बांगलादेशातून येणाऱ्या मालावर आपण साधं आयात शुल्क लावतच नाही. २०११ पासून दारू-तंबाखूसारख्या मोजक्या वस्तू सोडल्या तर सगळं शून्यावर आहे. गरीब शेजारी म्हणून दिलेली सवलत. तिला माझा काडीचा विरोध नाही. पण मग पोत्यांच्या बाबतीत उरतं काय? फक्त ही अँटी-डम्पिंग. ती काढली की सताड उघडं दार.

आणि ती कुणाच्या लहरीवर लागलेली नाही. डम्पिंग म्हणजे स्वतःच्या देशात ज्या भावात विकता त्याहून कमी भावात दुसऱ्याच्या देशात नेऊन ओतायचं. गल्लीत नवा दुकानदार येतो, वर्षभर तोट्यात साखर विकतो, जुनं दुकान बंद पडलं की भाव वाढवतो, तोच धंदा. त्याला आळा घालायला लावतात ते जादा शुल्क म्हणजे अँटी-डम्पिंग ड्युटी. त्यात बांगलादेश सरकार तागाच्या मालाच्या निर्यातीवर रोख प्रोत्साहन देत आलंय, काही प्रकारच्या मालावर तर २० टक्क्यांपर्यंत. द्यावं, त्यांचा पैसा आहे. पण मग त्या भावाला "स्पर्धा" म्हणू नका. हुगळीकाठची गिरणी ढाक्याच्या कारखान्याशी स्पर्धा करेल, ढाक्याच्या तिजोरीशी कशी करणार?

५ जानेवारी २०१७ ला ही ड्युटी लागली, बांगलादेश आणि नेपाळ दोन्हींच्या तागाच्या सुतावर, हेसियनवर (तागाचं पातळ कापड) आणि पोत्यांवर. टनाला ६.३० डॉलरपासून ३५१.७२ डॉलरपर्यंत. एवढा फरक का? कारण कंपनीगणिक हिशेब केला होता. ज्याने कमी पाडून विकलं त्याला कमी, ज्याने जास्त त्याला जास्त. शिवाय आपल्याकडे नियम असा की डम्पिंगचा फरक आणि आपल्या उद्योगाचं नुकसान, या दोन आकड्यांत जो लहान तेवढीच ड्युटी. म्हणजे शिक्षाही हातचं राखून. याला जावईबापू "गरिबाच्या खिशातला दंड" म्हणतात! राजेहो, तागाचं पोतं घेणारा सगळ्यात मोठा गिऱ्हाईक सरकार आहे. १९८७ च्या कायद्याखाली धान्य शंभर टक्के आणि साखर वीस टक्के तागाच्या पोत्यात भरायची, तीही इथल्या तागाची आणि इथेच बनलेली. म्हणजे गोंदिया-भंडाऱ्याच्या धान केंद्रावर जे पोतं येतं ते बांगलादेशचं असूच शकत नाही, ड्युटी असो वा नसो. मग ड्युटी काढल्याने तिथल्या शेतकऱ्याचा फायदा कुठून झाला? सांगा ना कोणी.

आणि दादाचं सोयाबीन? ते अडलं कारण खरेदी किती होणार याचा अंदाज बांधून पोती वेळेत मागवली नाहीत. ऑर्डर उशिरा, गाडी उशिरा, वाटप उशिरा. त्या दिवशी केंद्रावर पोतं महाग होतं का? नव्हतंच मुळी! नसलेल्या वस्तूला कसला आलाय भाव? स्वस्त पोतं ढाक्याच्या गोदामात पडलेलं असतं तर दादाच्या ताडपत्रीखाली ते उगवणार होतं का?

हुशारी कशी चालते तेही ऐका. ड्युटी पोत्यावर लागली ना, मग पोतं शिवूच नका. नुसतं सॅकिंगचं, म्हणजे पोत्याचं जाड कापड आणा, इथे कापा, इथे शिवा, झालं भारतीय पोतं. शेवटी तपास झाला आणि २०१९ मध्ये त्या कापडावरही ड्युटी आणावी लागली. अशा लोकांना "ड्युटी काढा" म्हणायला काय जातंय.

बरं, मान्य करते. ज्यूट मिलवाले काही संत नाहीत. कामगारांची देणी थकवणारे, गिरणीला अचानक टाळं लावणारे त्यांच्यातही आहेत, आणि सरकारी ऑर्डर हक्काची म्हणून नवी यंत्रं घ्यायचा कंटाळा करणारेही.

हेही मान्य की आपण काही धुतल्या तांदळाचे नाही. अमेरिकेने २०२४ मध्ये भारतातून जाणाऱ्या कागदी पिशव्यांवर अँटी-डम्पिंग लावली, वर सरकारी मदत घेता म्हणून वेगळी ड्युटीही. आपल्यावर लागली की आपण कळवळतो. ठीक आहे. त्यांनी हिशेब मांडला, आपल्या लोकांनी बाजू मांडली, नियमात जे बसलं ते झालं. आपणही तेच करतोय.

आता संत्र्याकडे येते, कारण वरुड-काटोलवाले मित्र कॉमेंटमध्ये ते काढणारच. बांगलादेश आपल्या संत्र्याचा मोठा गिऱ्हाईक होता. त्यांनी आयात शुल्क वाढवत वाढवत नेलं आणि इकडे बागाईतदार मेला. शेवटी आपल्या राज्य सरकारला त्या शुल्काचा अर्धा भार उचलायची घोषणा करावी लागली. एक बागवाला मित्र मला म्हणतो, "ताई, तुम्ही त्यांची पोती अडवता म्हणून ते आमचा संत्रा अडवतात." राग समजतो रे बाबा. आमच्याही वावरात झाडं होती. पण त्यांनी संत्रा अडवला तेव्हा नागपूरचा संत्रा तिथे तोट्यात ओतला जातोय असा हिशेब कुणी मांडला होता का? आपल्याकडचा माल त्यांच्याकडच्या कुठल्या संत्रावाल्याला मारत होता? ते नुसतं शुल्क आहे, मनात आलं की वाढवलं. आमच्या पोत्याच्या ड्युटीमागे सुनावणी आहे, दोन्हीकडच्या कंपन्यांचे जबाब आहेत, आकडे आहेत. दोन्ही एका तागडीत टाकू नका. हं, डिसेंबर २०२३ मध्ये आपण कांद्याची निर्यात बंद केली तेव्हा ढाक्यातली बाई किती शिव्या देत असेल, तेही कळतं मला. तिची चूक नव्हती.

लिहिता लिहिता राग जरा उतरला. तिकडच्या गिरणीत मागावर उभ्या असणाऱ्या बाईशी माझं काय भांडण असणार? ताग तोच, नद्या त्याच. १९४७ ला रेघ ओढली तेव्हा गिरण्या इकडे राहिल्या आणि तागाची चांगली शेतं तिकडे गेली. या सगळ्याची सुरुवात तिथली आहे. तिलाही पगार हवाच. पण इकडे सुमारे ३.७ लाख कामगार आणि ४० लाख शेतकरी कुटुंबं तागावर आहेत, हे आपलंच सरकार सांगतं. त्यांना "स्वस्त मिळतंय ना" एवढ्यावर मोडीत काढायचं?

कुणी म्हणेल, बंगालच्या गिरणीचं नागपूरकराला काय? तुम्ही एम्प्रेस मिलच्या गावात राहता आणि हे विचारता? १८७७ ची गिरणी, आज तिच्या जागेवर मॉल आहे. ती कशाने बंद पडली ते प्रकरण वेगळं, त्यात बांगलादेश नव्हता. पण माझे सासरे तिथल्या साच्यांचा, म्हणजे मागांचा आवाज सांगायचे. त्या जागी पुन्हा साचे बसलेले पाहिले का कोणी? गिरणी एकदा गेली की गेली. आणि मग पोतं कुणाकडून घ्यायचं? २०१५ च्या शेवटी बांगलादेशने कच्च्या तागाची निर्यातच बंद केली होती, काही महिने. स्वतःची सोय पाहिली, दोष देत नाही. पण इथल्या गिरण्या मोडल्यावर त्यांनी पोत्यांचा नळ बंद केला तर? त्या वर्षी एकटा दादा नाही, अख्खा विदर्भ ताडपत्रीखाली बसेल.

जावईबापूंचा आणखी एक बाण होता. "आता तर जमिनीवरून येणारा माल बंदच केलाय, मग ड्युटी कशाला?" खरंय, २०२५ च्या जूनपासून बांगलादेशचा बराच तागाचा माल फक्त न्हावा शेवा बंदरातून येऊ शकतो, पुढे ऑगस्टमध्ये पोतीही त्यात घातली. पण ते दोन सरकारांचं बिनसलं म्हणून. उद्या दिल्ली-ढाका गोडी झाली की एका अधिसूचनेत उठेल. ड्युटी सहसा तशी उठत नाही, तिला तपास लागतो. म्हणून मला बंदीपेक्षा ड्युटी बरी वाटते. बंदीत माल येतच नाही, ड्युटीत येतो, फक्त सरळ भावाने येतो. ज्याला घ्यायचाय त्याने घ्यावा.

२०२२ च्या डिसेंबरात ही ड्युटी पाच वर्षांसाठी वाढवली. म्हणजे २०२७ च्या डिसेंबरात मुदत संपते. त्याआधी सनसेट रिव्ह्यू, म्हणजे मुदत संपण्याआधीची फेरतपासणी होईल, डीजीटीआर म्हणजे वाणिज्य मंत्रालयाचं व्यापार उपाय महासंचालनालय पुन्हा कागद मागवेल. ते शिफारस करतं, शेवटची सही अर्थ मंत्रालयाची. आणि अर्थ मंत्रालय शिफारस बाजूला ठेवू शकतं, पूर्वी ठेवलीही आहे. प्लास्टिकच्या बाटल्या आणि पॉलिस्टर ज्यापासून होतं त्या पीटीएवरची अँटी-डम्पिंग २०२० च्या बजेटमध्ये सरळ काढून टाकली होती. त्यामुळे "आहे ती राहीलच" या भ्रमात राहू नका.

माझं म्हणणं, ड्युटी ठेवा. सूत, कापड, पोती, सगळ्यावर. पण जी गिरणी या सावलीत बसते तिने आमच्या केंद्रावर पोतं वेळेत पोचवलंच पाहिजे. उशीर झाला तर दंड, आणि ऑर्डरच उशिरा गेली तर ती ज्याच्या टेबलावर अडली त्याचं नाव फलकावर. दादाचे क्विंटलमागचे आठ-नऊशे कोणाच्या खिशातून गेले? मिलवाल्याचे नाही, साहेबाचे नाही, त्या ट्रेडरचेही नाही. ही अट कुठल्याच रिव्ह्यूत कोणी मांडत नाही. अर्ज करायलाच देशातल्या किमान २५ टक्के उत्पादनाचा पाठिंबा लागतो, म्हणजे बोलणार मोठे. आणि समोर उभे राहणार आयातदार, वकील घेऊन. पोतं वापरणारा शेतकरी त्या खोलीत नसतोच.

पण त्याला मनाई नाही. माल वापरणाऱ्यांचं म्हणणंही ऐकून घेतात, मुदतीत लेखी द्यावं लागतं. म्हणून आपल्या ग्रुपातले जे शेतकरी कंपन्यांत आहेत, खरेदी केंद्रं चालवतात, त्यांच्यासाठी काम आहे. गेल्या हंगामांत बारदाना कधी मागितला, किती मागितला, कधी आला, किती कमी आला, तारखेसकट मला इनबॉक्स करा. रजिस्टरच्या पानाचा फोटो असेल तर उत्तम. मराठीत लिहा, मोडक्यातोडक्यात लिहा, इंग्रजी मी करते, नमुन्यात बसवणं माझं रोजचंच काम आहे. आणि कॉमेंटमध्ये "प्लास्टिकची पोती का नाही वापरत" हे विचारू नका, त्यावर वेगळं लिहीन.