दीड तासात एक पान वाचू दिलं नाही!

काल संध्याकाळपासून डोकं तापलंय, अजून उतरत नाहीये. पुरस्कारविजेते तीन लेखक आपापल्या पुस्तकांवर बोलणार, असा कार्यक्रम होता. तिन्ही पुस्तकं मी वाचलेली, त्यातलं एक तर दोनदा. अर्ध्या दिवसाची रजा टाकली आणि तासभर आधीच जाऊन दुसऱ्या रांगेत बसले.

प्रास्ताविक आणि सत्कारात वीस मिनिटं गेली. तेही सोसलं. पण मुलाखतकारांनी माइक हातात घेतला आणि तो सोडेचनात! पहिला प्रश्न स्वतःच्या कॉलेजच्या दिवसांपासून सुरू झाला आणि पाच मिनिटांनी कुठे येऊन थांबला, तर "पुरस्कार जाहीर झाला तेव्हा कसं वाटलं?" तिघांनाही हेच. मग "लिहायची प्रेरणा कुठून मिळते?" मग "हल्ली तरुण वाचत नाहीत, काय वाटतं?" अहो, समोर अर्धं सभागृह तरुणांचं होतं! पुस्तकाला हात न लावता विचारता येतील असेच सगळे प्रश्न. कादंबरीच्या नायिकेचं नावही चुकवलं. लेखिकेने हळूच दुरुस्त केलं, तर पुढच्याच वाक्यात पुन्हा तेच चुकीचं नाव. साहित्य अकादमी असो नाहीतर बुकर, हे पुरस्कार पुस्तकाला मिळतात ना? मग ज्याने ते वाचलंच नाही त्याने त्या खुर्चीत बसावंच का?

त्या लेखिकेच्या मांडीवर पुस्तक होतं. त्यात खुणेच्या तीन पिवळ्या चिठ्ठ्या. कुणीतरी वाचायला सांगेल म्हणून घरून काढून आणलेले उतारे असणार. दोनदा तिने चष्मा चढवला, पहिल्या चिठ्ठीपाशी पान उघडलं, आणि दोन्ही वेळा मुलाखतकारांना स्वतःचा एखादा किस्सा आठवला. दोन्ही वेळा तिने पुस्तक मिटलं. पोटात तुटत होतं माझ्या.

तिसरं पुस्तक अनुवादित. अनुवादक बाई समोर, श्रोत्यांत! मंचावर खुर्ची नाही, नावाचा उल्लेख नाही. आंतरराष्ट्रीय बुकरची रक्कम २०१६ पासून लेखक आणि अनुवादकात समसमान वाटली जाते. २०२२ मध्ये गीतांजली श्रींसोबत डेझी रॉकवेल, २०२५ मध्ये बानू मुश्ताक यांच्यासोबत दीपा भास्ती. आणि इथे एक खुर्ची वाढवायला जिवावर येतं?

प्रश्नोत्तरांना उरली दहा मिनिटं. त्यातही एक गृहस्थ उठले, "प्रश्न नाही, दोन शब्द बोलतो" म्हणाले आणि स्वतःची कविता म्हणून दाखवली. पूर्ण! कुणी थांबवलं नाही. मागे एक मुलगी हातात तेच पुस्तक धरून सुरुवातीपासून हात वर करून उभी होती. तिच्यापर्यंत माइक पोहोचायच्या आत "वेळेअभावी" आलंच.

सहीच्या रांगेत माझा नंबर आला तेव्हा मी लेखिकेला विचारलं, कोणता भाग वाचणार होतात? तिचा चेहराच बदलला. तिने पहिल्या चिठ्ठीचं पान उघडलं आणि उभ्या उभ्या वाचायला लागली. आईच्या ट्रंकेचं वर्णन. मी दोनदा वाचलेलं, पण तिच्या आवाजात त्यातला राग मला पहिल्यांदा ऐकू आला. रांगेतले पाच-सहाजण गप्प होऊन जवळ सरकले. दुसऱ्या चिठ्ठीवर बोट ठेवतेय तोच स्वयंसेवक आला, "मॅडम, आवरा पटकन, हॉल रिकामा करायचाय."