नुसता फोटो नको, कसं केलं ते सांगा

आज खरंच डोकं फिरलंय म्हणून लिहितेय. लांब होणार आहे.

एका ओळखीच्या बाईंनी जुन्या जीन्सचे खिसे कापून भिंतीला टांगायचा ऑर्गनायझर केलाय, कात्री, पेनं, चार्जर असलं सगळं ठेवायला. झालाय फार सुंदर, त्यात वाद नाही. मी विचारलं की एवढं वजन घालूनही तो वरून लोंबत नाहीये, तर मागे पुठ्ठा घातलाय की काठी ओवलीय? एवढाच प्रश्न. त्यावर उत्तर आलं, "सगळंच सांगितलं तर माझं काय राहिलं?" आणि पुढे स्मायली.

मी फोन बाजूला ठेवला, कामाला लागले, पण ते वाक्य डोक्यातून जाईना. अहो, जीन्सच्या खिशांचे कप्पे करायचे हे तुम्हाला तरी कुठून कळलं? कोणीतरी आधी करून बघितलं, कोणीतरी फोटो टाकला, कोणीतरी वेळ काढून लिहिलं की जाड कापडाला जाड सुई लागते नाहीतर ती मोडते, आणि ते सगळं फुकट तुमच्यापर्यंत आलं. तुमच्यापर्यंत येईस्तोवर सगळ्यांचं होतं आणि तुमच्या हातात आल्यावर एकदम तुमचं एकटीचं कसं झालं?

मला टी-शर्टची दोरी करायला ज्यांनी शिकवलं त्या काकूंना मी आजतागायत भेटलेले नाही. जुने टी-शर्ट कापून त्याची जाड दोरी करतात आणि मग त्याच्या क्रोशाने टोपल्या, पायपुसणी विणतात, ते तुम्ही बघितलं असेल. मी व्हिडिओ परत परत बघत होते पण सगळ्या व्हिडिओंमध्ये नेमकं जिथे अडतं तिथे फास्ट फॉरवर्ड. बगलेखालून आडवं कापा, खालची शिवण काढून टाका, पट्ट्या कापा, आणि एकदम हातात तयार गोळा! मधलं काय? तेच मी एका ठिकाणी विचारलं होतं. रात्री उशिरा त्या काकूंनी रेघांच्या कागदावर निळ्या पेनाने आकृती काढून तिचा फोटो पाठवला. टी-शर्टची नळी आडवी ठेवायची, घडी अशी घालायची की वरची कड खालच्या कडेच्या दोन-तीन सेंटीमीटर अलीकडे थांबेल, घडीकडून पट्ट्या कापत न्यायच्या पण ती शेवटची पट्टी अखंड सोडायची. मग ती न कापलेली बाजू उघडून तिथे सरळ कापायचं नाही, तिरकं कापायचं, एका चिरेतून पलीकडच्या पुढच्या चिरेत. तिरकं कापलं की सगळ्या पट्ट्या एकमेकींना जोडलेल्या राहतात आणि अख्ख्या टी-शर्टची एक सलग दोरी निघते, कुठे गाठ नाही की काही नाही. ती ओढली की होजियरीचं कापड आपोआप आत वळतं आणि गोल दोरी होते. त्या तिरक्या रेघेवर काकूंनी दोनदा पेन फिरवलं होतं, इथेच लोक चुकतात म्हणून. आणि खाली दोन ओळी होत्या. "बाजूला शिवण नसलेला टी-शर्ट घे, शिवणीपाशी दोरी तुटते. हे मला माझ्या जावेने शिकवलं."

जावेने शिकवलं. कोण ती जाऊ, मला माहीत नाही, पण तिचा उल्लेख आहे ना तिथे.

आता कोणीतरी म्हणेलच की ज्यांचं पोट डिझाइन विकण्यावर आहे त्यांनी काय करायचं. बरोबर आहे, त्यांनी विकावं, पॅटर्न लिहायला महिनोन् महिने जातात आणि मी स्वतः विकत घेते. पण ज्यांना काही विकायचं नाहीये, नुसत्या लाइक हव्या आहेत, ते कशाला दडवून ठेवतात? आणि "कॉपी होईल हो" ही भीती तर मला कळतच नाही. कायदासुद्धा आयडियाला कॉपीराइट देत नाही, तुम्ही लिहिलेला मजकूर, काढलेले फोटो, आकृत्या ह्यांना देतो. खिशाचा कप्पा करायची कल्पना कोणाच्या बापाची नाही. फोटो मात्र ज्याने काढला त्याचा आहे, आणि नेमकं उलटं चाललंय, कृती लपवायची आणि दुसऱ्याचे फोटो नाव कापून फिरवायचे. कोपऱ्यातलं नाव क्रॉप करायला जेवढा वेळ लागतो त्याहून कमी वेळात ते नाव टाइप होतं.

ओरिगामीचं बघा. कागद कुठे दुमडायचा ते सांगायला आज जगभर ज्या तुटक रेषा आणि बाण वापरतात त्यांची पद्धत मुळात अकिरा योशिझावा ह्या जपानी माणसाने बसवली, १९५४ साली पुस्तकात छापली, आणि पुढे इतरांनी त्यात भर घातली. त्यामुळे मला जपानीचं एक अक्षर येत नाही तरी जपानी पुस्तकातला बगळा मी आकृत्या बघून करू शकते. घड्या नुसत्या तयार मॉडेलच्या फोटोतून पसरल्या असत्या का? काकूंची ती निळ्या पेनाची आकृती माझ्यासाठी तेच काम करून गेली.

दुसरी चीड आहे ती अर्धवट सांगण्याची. हे लपवण्यापेक्षा वाईट, कारण ह्यात माणसाला लागतं. पॅलेट म्हणजे मालाच्या खाली असते ती लाकडी फळ्यांची चौकट, तिच्या लाकडाचं टीपॉय, तिचा शेल्फ, किती फोटो येतात. त्यातल्या किती जणांनी सांगितलं की आधी लाकडावरचा शिक्का बघा? देशाबाहेर माल पाठवायच्या पॅलेटवर शिक्का असतो, त्यात एचटी असेल तर ते लाकूड उष्णता देऊन किडमुक्त केलंय, आतपर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटं. एमबी असेल तर कीड मारायला मिथाइल ब्रोमाइड हा विषारी वायू वापरलाय, ते लाकूड घरात आणायचंच नाही. एक ओळ लिहायला काय जातं?

आणि लाकडावर विजेने झाडाच्या फांद्यांसारखी नक्षी जाळायचे ते व्हिडिओ! जुन्या मायक्रोवेव्हचा ट्रान्सफॉर्मर काढून करतात, साधारण दोन हजार व्होल्टचा मामला असतो. माणसं मेली आहेत त्यात. अमेरिकेतल्या लाकूड कातकाम करणाऱ्यांच्या संघटनेने आपल्या कार्यक्रमांत ह्याला सरळ बंदी घातली. तरी तो व्हिडिओ "सोपी आयडिया" म्हणून फिरतोय, आणि पुढे पाठवणारे कोण, तर ज्यांनी आयुष्यात ते कधी करून बघितलेलं नाही असे लोक. संताप येतो मला. स्वतः न केलेली गोष्ट सोपी आहे असं तुम्ही दुसऱ्याला सांगूच कसं शकता? काकूंनी शिवणीपाशी दोरी तुटते हे सांगितलं, म्हणजे त्यांची तुटली असणार. त्यांच्या एका ओळीमुळे माझा टी-शर्ट वाचला. इथे तर जीव जातोय.

बरं, जमवणाऱ्यांबद्दलही बोलायचंय. सेव्ह, सेव्ह, सेव्ह. पिंटरेस्ट, ती आवडलेले फोटो जमवायची साइट, २०१० पासून आहे, तेव्हापासून तिथले बोर्ड भरतायत लोक, आणि विचारलं की ह्यातलं काय केलंस तर गप्प. नुसतं बघण्यात आनंद असतो हे मान्य, तो मी कोणाकडून काढून घेत नाहीये. पण सेव्ह करताना दोन शब्द लिहायला काय हरकत आहे, हे मला का आवडलं, कशासाठी लागेल, कोणी केलंय? जॉन लॉक, तो तत्त्वज्ञ, त्यानेसुद्धा आपली टिपणं वेळेला सापडावीत म्हणून वहीच्या सुरुवातीला अनुक्रमणिका करायची युक्ती काढली होती, विषयाच्या शब्दाचं पहिलं अक्षर आणि त्याच्यानंतरचा पहिला स्वर, एवढ्यावर पान शोधायचं. आणि ती युक्ती छापून लोकांना दिली, १७०६ मध्ये इंग्रजीतही आली. म्हणजे जमवायचं कसं हेसुद्धा त्याने वाटून टाकलं.

माझी पद्धत साधी आहे. केलेल्या प्रत्येक गोष्टीचा एक फोटो तयार झाल्यावरचा आणि एक अर्धवट असतानाचा, उलट्या बाजूचा. उलटी बाजू फार महत्त्वाची, सगळं गुपित तिथेच असतं, टाका कुठे घातला, गोंद कुठे लावला, खिळा कुठून मारला. त्याच्याखाली मापं, कुठलं सामान चाललं, कुठलं नाही चाललं, आणि कोणाकडून शिकले. पांढऱ्या गोंदाने प्लास्टिक धरत नाही, डब्यात झाड लावायचं तर तळाला भोकं पाडा नाहीतर मुळं कुजतात, असल्या बारीक गोष्टी कोणी लिहीत नाही कारण त्या सगळ्यांना माहीत असतील असं वाटतं. नसतात हो. नवीन माणूस तिथेच अडतो आणि "माझ्या हातात कला नाही" म्हणून सोडून देतो. कलेचा काही संबंध नसतो, कोणीतरी एक पायरी सांगितलेली नसते.

एवढं लिहिल्यावर राग जरा उतरलाय. कदाचित त्या बाईंना कधी कोणी कौतुकाने विचारलंच नसेल, पहिल्यांदा काहीतरी "माझं" असं हातात आलं असेल आणि ते धरून ठेवावंसं वाटलं असेल. समजू शकते मी. तरी मला पटत नाही. त्या काकूंकडे मला द्यायला काय कारण होतं? ना ओळख ना देख, आणि रात्रीच्या वेळी बसून आकृती काढतात. त्यांचं काही कमी झालं का? उलट मी पुढे जिला जिला ती दोरी शिकवली तिला तिरकी रेघ काढून दाखवताना काकूंचं नाव सांगते आणि त्यांच्या जावेचाही उल्लेख करते.

तर माझी एक मागणी आहे. हे वाचणाऱ्यांत हाताने काहीतरी करणारे खूप जण आहेत, मला माहितीये, कोणी जुन्या साड्यांच्या गोधड्या करतंय, कोणी तुटलेली खुर्ची उभी करतंय, कोणी मुलांसाठी पुठ्ठ्याची खेळणी. पुढचा फोटो टाकाल तेव्हा उलट्या बाजूचाही टाका आणि कुठे अडलात ते लिहा. लिहायचा कंटाळा येत असेल तर बोलून रेकॉर्ड करा आणि मला पाठवा, मी टाइप करून देईन, तुमच्याच नावाने.