लाइन जायच्या आत सगळंच ढकलायचं का?

दारव्ह्याकडं लाइन, म्हणजे वीज, अन् तिच्यासंगं नेट जायची वेळ झाली की आमच्या टीममधल्या कोड लिहिणाऱ्या पोट्ट्यांचं ठरलेलं: कोडमधल्या बदलांची नोंद ठेवणाऱ्या गिटमध्ये 'गिट अ‍ॅड डॉट' मारून सगळ्या फाइली एकदम निवडायच्या, कमिटचा, म्हणजे त्या नोंदीचा, मेसेज 'अपडेट', अन् पुश, म्हणजे सर्व्हरवर ढकलणं. त्यात काय काय गेलं, कोणी पाहत नाही. परवा त्या ढिगात डेटाबेसच्या पासवर्डची .एन्व्ह फाइल गेली, वरून अख्खं नोड मॉड्यूल्स, म्हणजे बाहेरून उतरवलेल्या तयार कोडचं फोल्डर.

बाप्पाहो, कमिटला नेट लागतच नाही! गिट ते आपल्याच लॅपटॉपवर नोंदवतं. नेट लागतं फक्त पुशला. मग घाई कायची? बॅटरीवर बसून 'गिट स्टेटस'मध्ये बदललेल्या फाइलींची यादी पाहा, 'गिट अ‍ॅड -पी'नं एकेक तुकडा निवडा, 'गिट डिफ --स्टेज्ड'मध्ये निवडलेले बदल वाचा. कापूस वेचतानाही कवडी बाजूला काढतोच ना आपण?

अन् "पुढच्या कमिटमध्ये फाइल डिलीट केली, विषय संपला" हे ऐकलं की डोकंच फिरतं. ती इतिहासात तशीच राहते, पासवर्ड बदलावाच लागतो. गिटइग्नोर, म्हणजे गिटनं कोणत्या फाइली घ्यायच्या नाहीत त्याची यादी, मागून लिहिलं तरी आधीच ट्रॅक झालेली, म्हणजे गिटच्या नोंदीत आलेली, फाइल ते अडवत नाही.

शंभर फाइली एकदम टाका, नाही कोण म्हणते? फोल्डरागणिक टाका, पण यादी वाचून. तेवढी दोन मिनिटं कोणाजवळ नाहीत, अन् मग पासवर्ड बदलायला अख्खी टीम रात्रभर जागी.